टॉम हँक्सचे टाइपरायटर, रॉड स्टुअर्टची रेल्वे: कलाकारांचे छंद आतून कसे चालतात

कलाकारांच्या छंदांच्या याद्या सगळीकडे फिरत असतात. अमका जुने टाइपरायटर जमवतो, तमका लाकडाची होडी बनवतो, एक अभिनेत्री तर ऑलिंपिकच्या निवड चाचणीपर्यंत पोहोचली होती. वाचणारा ‘अरे वा’ म्हणतो आणि पुढे सरकतो. त्या छंदात प्रत्यक्ष काय करावं लागतं आणि काम कुठे बिघडतं, हे यादीत कुणी सांगत नाही. ते कळलं की नावाचं अप्रूप जरा ओसरतं आणि कामाचं वाढतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सिनेमाच्या सेटवर दिवसभर राबून पडद्यावरची दोन-तीन मिनिटं हाती लागली तरी दिवस चांगला गेला म्हणतात. बाकीचा वेळ दिवे लावण्यात, कॅमेरा हलवण्यात आणि वाट बघण्यात जातो. दृश्यं क्रमाने चित्रित होत नाहीत, शेवट कधी कधी पहिल्या आठवड्यातच उरकतात, आणि दहा टेकपैकी कोणता ठेवायचा हे नटाच्या हातात नसतं. अशा माणसाला जिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं स्वतःच्या हातात आहे आणि चूक झाली की समोरची वस्तूच ती दाखवून देते, असं काम आवडलं तर नवल नाही. इथे घेतलेले छंद बहुतेक याच जातीचे आहेत. निव्वळ पैसे मोजून गोळा होणाऱ्या गाड्या आणि घड्याळं मुद्दाम वगळली आहेत.

टाइपरायटर: तेल घालू नये अशी जागा

टॉम हँक्सच्या संग्रहात एकेकाळी शंभराहून कितीतरी जास्त टाइपरायटर होते. २०१४ मध्ये त्याने टाइपरायटरसारखं चालणारं मोबाइल अॅप काढलं, २०१७ मध्ये कथासंग्रह आला आणि त्यातल्या प्रत्येक कथेत कुठे ना कुठे टाइपरायटर डोकावतो. अलीकडे तो आपली यंत्रं दुरुस्तीच्या दुकानांना भेट म्हणून पाठवत असतो. तो ती कपाटात मांडून ठेवत नाही, त्यांच्यावर रोज पत्रं लिहितो. यंत्र वापरात ठेवायचं तर ते आतून कळावं लागतं.

कळ दाबली की तरफांची साखळी एक अक्षरदांडी वर उडवते. दांडीच्या टोकाला अक्षराचा खिळा असतो. तो रिबनवर आपटतो, रिबन कागदावर आणि कागद मागच्या रबरी रोलरवर. दांडी परतताना एक खटका सुटतो, दातेरी चाक एक दाता पुढे जातं आणि कॅरेज एका अक्षराइतकी डावीकडे सरकते. कॅरेजला ओढणारी ताकद डब्यातल्या गुंडाळलेल्या स्प्रिंगची असते. ती एका बारीक दोरीने किंवा पट्टीने कॅरेजला जोडलेली असते. अक्षरं प्रत्येक इंचात किती बसतात, त्यावरून यंत्राचे दोन मुख्य प्रकार पडतात: पायका म्हणजे १० आणि एलिट म्हणजे १२. रिबन बहुतेक यंत्रांना अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी रुंदीची लागते. जुने गोल डबे जपून ठेवावेत, कारण नव्या रिबनचे डबे सगळ्या यंत्रांत बसत नाहीत. नवी रिबन जुन्या डब्यांवर गुंडाळून घेतली की प्रश्न मिटतो.

जुनं यंत्र घेतलं की पहिली तक्रार ठरलेली. अक्षरदांडी वर जाते, पण परत येत नाही. दांड्या ज्या अर्धगोल पट्टीच्या खाचांत बसतात, तिथे अनेक वर्षांपूर्वी कुणीतरी घातलेलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. नवखा माणूस त्यावर आणखी तेल घालतो किंवा सर्वगुणी म्हणून विकला जाणारा स्प्रे मारतो. यंत्र दोन दिवस लोण्यासारखं चालतं. मग त्या तेलावर धूळ आणि रबराचा चुरा बसतो आणि ते आधीपेक्षा घट्ट अडकतं. या खाचांत तेल कधीच घालायचं नसतं. मिनरल टर्पेंटाइनमध्ये किंवा लायटरच्या इंधनात जुना टूथब्रश बुडवायचा, खाचा घासायच्या, प्रत्येक दांडी वीस-तीस वेळा वर-खाली करायची आणि मळ कापडावर येईनासा होईपर्यंत हेच करत राहायचं. खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको. प्लॅस्टिकच्या कळांवर आणि रंगावर हे द्रावण पडू द्यायचं नाही. तेलाची जागा फक्त एक, कॅरेजचे रूळ, आणि तिथेही एक थेंब पुसून घेतल्यावर जेवढं उरेल तेवढंच.

दुसरा बिघाड लोकांच्या लक्षात उशिरा येतो. रोलरचं रबर वर्षानुवर्षं सुकून काचेसारखं कडक होतं. मग आवाज वाढतो, पूर्णविराम कागदाला भोक पाडतो, कागद घसरतो आणि ओळी तिरक्या येतात. तात्पुरता उपाय म्हणजे दोन कागद एकत्र घालणं, मागचा फक्त गादी म्हणून. रोलर काढून बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासला तर पकड काही काळ परत येते. खरा इलाज म्हणजे रोलरवर नवं रबर चढवणं. कॅरेज अजिबात सरकत नसेल तर घाबरण्याआधी तिची ओढदोरी बघावी. बहुतेक वेळा तीच तुटलेली असते आणि मासेमारीची विणलेली मजबूत दोरी तिथे उत्तम चालते. मात्र दोरी सोडण्याआधी स्प्रिंगचा डबा धरून ठेवायला हवा, नाहीतर सगळा पीळ एका क्षणात सुटतो. ‘e’, ‘a’, ‘o’ ही अक्षरं भरीव उमटत असतील तर खिळ्यांच्या पोटात शाईचा मळ साचला आहे. त्याला ताठ ब्रश लावावा. टाचणीने कोरलं तर खिळ्यावर चरा पडतो आणि तो पुढे प्रत्येक पानावर उमटतो.

बऱ्याच जुन्या यंत्रांवर १ हा आकडा नसतोच. तिथे लहान ‘l’ टाइप करायचा. उद्गारचिन्हही नसतं. आधी अपॉस्ट्रॉफी, मग एक घर मागे, मग पूर्णविराम. एका उद्गारासाठी तीन कळा लागतात म्हटल्यावर माणूस उद्गार जपून वापरायला शिकतो.

जेफ ब्रिजेसचा फिरत्या भिंगाचा कॅमेरा

टाइपरायटरसारखाच सेटवर नेता येणारा छंद जेफ ब्रिजेसचा. १९८० च्या दशकापासून तो आपल्या सिनेमांच्या सेटवर वाइडलक्स नावाच्या जपानी कॅमेऱ्याने फोटो काढतो आणि चित्रीकरण संपल्यावर त्यांची पुस्तकं करून सहकाऱ्यांना देतो. कॅमेरा साध्या ३५ मिमी फिल्मवर चालतो, पण त्याचं भिंग स्थिर नसतं. २६ मिमीचं भिंग एका उभ्या पिंपात बसवलेलं असतं. बटण दाबलं की पिंप एका बाजूकडून दुसरीकडे फिरतं आणि त्याच्या मागची अरुंद फट वळवून ठेवलेल्या फिल्मवर चित्र ‘पुसत’ जाते. एका फोटोत सुमारे १४० अंशांचं दृश्य मावतं. फोटो नेहमीपेक्षा लांबलचक असल्यामुळे ३६ फोटोंच्या रोलवर २१च बसतात.

शटरचे वेग तीनच: १/१५, १/१२५ आणि १/२५० सेकंद. हा आकडा फिल्मच्या एका बिंदूपुरता असतो. पूर्ण फोटो व्हायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो आणि सर्वात हळू वेगावर तो एका सेकंदाच्या वर जातो. म्हणजे फोटोची डावी आणि उजवी कड वेगवेगळ्या क्षणांची असते. ब्रिजेसचा आवडता खेळ यावरच उभा आहे. नट एका टोकाला रडका चेहरा करून उभा राहतो, भिंग त्याच्यावरून गेलं की कॅमेऱ्याच्या मागून धावत दुसऱ्या टोकाला पोहोचतो आणि तिथे हसतो. एकाच फोटोत एकच माणूस दोनदा येतो. हे जमण्यासाठी सर्वात हळू वेग लागतो, पळायची वाट कॅमेऱ्याच्या मागूनच हवी आणि धावणारा चपळ असावा लागतो. उशीर झाला तर दुसऱ्या टोकाला नुसता धूसर खांदा सापडतो.

या कॅमेऱ्यात फोकस करायची सोयच नाही. अंतर ठरलेलं असतं. जवळची वस्तू स्पष्ट हवी असेल तर भिंगाचं छिद्र लहान करायचं, म्हणजे एफ ११ वर जायचं, आणि तेवढा जास्त उजेड शोधायचा. कॅमेरा जरा जरी वर किंवा खाली झुकला तर क्षितिज धनुष्यासारखं वाकतं, म्हणून त्यावरच्या सपाटी दाखवणाऱ्या पाण्याच्या बुडबुड्याकडे सतत नजर लागते. समोरची सरळ भिंत मात्र कॅमेरा कितीही सपाट धरला तरी मध्यभागी फुगलेलीच दिसते, कारण भिंगापासून भिंतीचं अंतर कडांकडे वाढत जातं. बोटं पुढे आली की १४० अंशांत ती हमखास सापडतात, त्यामुळे कॅमेरा मागच्या बाजूने धरावा लागतो. आणि फोटोत उभे फिकट-गडद पट्टे दिसू लागले तर आतलं ग्रीस सुकलं आहे. पिंप अडखळत फिरतं, जिथे थबकतं तिथे उजेड जास्त पडतो. यावर घरी इलाज करू नये. हे घड्याळजीच्या दर्जाचं काम आहे.

रॉड स्टुअर्टचं शहर

गायक रॉड स्टुअर्टने २०१९ मध्ये एका ब्रिटिश रेल्वे-मॉडेल मासिकाला आपली मॉडेल रेल्वेची मांडणी दाखवली तेव्हा त्या कामाला २३ वर्षं झाली होती. १९४० च्या दशकातलं एक काल्पनिक अमेरिकन औद्योगिक शहर, सुमारे १२४ फूट लांब आणि २३ फूट रुंद, घराच्या वरच्या मजल्यावर. दौऱ्यावर असताना तो हॉटेलात एक जादा खोली घेई, रंग आणि हत्यारं तिथे मांडे आणि इमारती बनवत बसे. रेडिओवर कुणीतरी ‘हे त्याने स्वतः केलेलं नसेल’ असं सुचवल्यावर त्याने कार्यक्रमात फोन करून सांगितलं की नव्वद टक्के काम आपलंच आहे. वायरिंग मात्र दुसऱ्यांकडून करून घेतल्याचं त्याने मोकळेपणाने मान्य केलं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. या छंदात सर्वात जास्त लोक वायरिंगवरच हात टेकतात.

आधी मापं. त्याची मांडणी १:८७ या प्रमाणात आहे. १४३५ मिमीचा खरा रूळमार्ग इथे १६.५ मिमीचा होतो आणि सहा फुटी माणूस २१ मिमीचा. १३० मीटरची इमारत दीड मीटर उंच भरते. ताशी ८० किमी धावणारी गाडी मॉडेलमध्ये सेकंदाला जेमतेम २५ सेंमी सरकायला हवी. नवे लोक नेमके इथे फसतात आणि गाड्या उडवत सुटतात. एवढी अवाढव्य मांडणीही खऱ्या जगातल्या फक्त सव्वातीन किमीच्या पट्ट्याएवढी असते. म्हणून काहीही जसंच्या तसं लहान करून भागत नाही. कारखान्याच्या वीस खिडक्यांतल्या आठच ठेवायच्या आणि तरी तो मोठा वाटला पाहिजे, अशी काटछाट करावी लागते. मागच्या रांगेत १:१६० प्रमाणाच्या इमारती ठेवल्या की त्या लांब असल्याचा भास होतो. नाटकाच्या नेपथ्यातली ही जुनी युक्ती आहे.

उताराचं गणित तर कागदावरच करून घ्यावं. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यायचा तर रुळांच्या दोन पातळ्यांत साधारण ८ सेंमी अंतर लागतं. लांब गाड्यांसाठी दोन टक्क्यांचा चढ हा शहाणपणाचा आकडा, म्हणजे ८ सेंमी चढायला ४ मीटर मार्ग हवा. जागा नाही म्हणून चार टक्के केले की इंजिन वळणावर चाकं फिरवत उभं राहतं, कारण वळणाचा विरोध चढात मिसळतो. वळणाची त्रिज्या ४६ सेंमी ठेवली तर छोटे मालडबे निघून जातात. पण ८५ फुटी प्रवासी डबा या प्रमाणात ३० सेंमी लांब असतो, तो अशा वळणावर बाहेर लोंबतो आणि शेजारच्या मार्गावरच्या गाडीला घासतो. अशा डब्यांना ७५ सेंमी किंवा त्याहून जास्त त्रिज्या द्यावी.

आता वीज. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या छोट्या धातूच्या जोडपट्ट्या नव्या असताना वीज नीट वाहून नेतात. वर्षभरात त्या सैल होतात, काळ्या पडतात आणि गाडी लांबच्या टोकाला मंदावते. म्हणून फळीच्या खालून जाड तारेची एक जोडी फिरवायची आणि दर मीटर-दोन मीटरवर रुळाला बारीक तार झाळून तिच्याशी जोडायची. सगळेच सांधे झाळून टाकायचा मोह टाळावा. खोलीतल्या हवेच्या ओलाव्याने लाकूड हलतं, आणि मध्ये मध्ये अर्ध्या-एक मिमीची फट नसेल तर रूळ वाकतो.

सर्वात डोकं खाणारी चूक म्हणजे उलट फिरणारा फेरा. गाडी एका टोकाने गोल शिरते आणि त्याच मार्गावर परत येते, तेव्हा डावा रूळ फिरून उजव्या रुळाला येऊन मिळतो आणि थेट शॉर्ट सर्किट होतं. उपाय असा: फेऱ्याच्या दोन्ही तोंडांना दोन्ही रूळ कापून आतला भाग वेगळा करायचा, तो भाग सर्वात लांब गाडीपेक्षा लांब ठेवायचा, आणि त्याला ध्रुव आपोआप बदलणारा मॉड्यूल लावायचा. भाग लहान ठेवला तर इंजिन एका कापावर आणि धातूच्या चाकांचा शेवटचा डबा दुसऱ्या कापावर एकाच वेळी येतो आणि मॉड्यूल गोंधळतो. जुन्या धाटणीच्या तीन रुळांच्या गाड्यांना हा त्रास नाही. तिथे मधला रूळ विजेचा आणि बाहेरचे दोन्ही रूळ एकाच टोकाचे असतात, त्यामुळे मार्ग कसाही फिरवा. गायक नील यंग याच गाड्यांचा वेडा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला गाड्या स्वतः चालवता याव्यात म्हणून त्याने मोठ्या बटणांनी चालणाऱ्या नियंत्रकांवर काम सुरू केलं. १९९० च्या दशकात त्यातूनच लायनेल कंपनीची बिनतारी नियंत्रण प्रणाली उभी राहिली आणि पुढे तो त्या कंपनीचा भागीदारही झाला.

स्टुअर्टच्या शहराचे फोटो खरे वाटतात ते इमारतींच्या संख्येमुळे नाही, मळामुळे. नवं प्लॅस्टिक चमकतं आणि डोळा लगेच फसवणूक ओळखतो. आधी मॅट रंग द्यायचा. मग काळपट तपकिरी रंग भरपूर पातळ करून, साधारण एकास दहा, अंगावरून सोडायचा. तो विटांच्या सांध्यांत आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांत साचतो. वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग फक्त कडांना घासायचा. काजळीचे ओघळ नेहमी वरून खाली आणि खिडकीच्या चौकटीखालूनच काढायचे. पाऊस जिथून वाहतो तिथेच डाग असतो.

निक ऑफरमनची होडी

निक ऑफरमन नट म्हणून नावाजण्याआधी शिकागोच्या नाटकमंडळींत नेपथ्याचं सुतारकाम करायचा. आज लॉस एंजेलिसमध्ये त्याची सुतारकामाची कार्यशाळा आहे. सीडरच्या पट्ट्यांची कनू, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, कशी बनवायची हे दाखवणारा सविस्तर व्हिडिओही त्याने काढला. या होडीत सुतारकाम निम्मंच असतं, बाकी निम्मं रसायन. आणि हात पोळतात ते रसायनातच.

प्रथम एक लांब, अगदी सरळ पेटीसारखा आधार लागतो. त्यावर दर ३० सेंमीवर प्लायवूडचे साचे उभे करायचे. हा आधार मधे ५ मिमी जरी बाजूला वाकला तर होडी आयुष्यभर एका बाजूला वळत राहते. मग ६ मिमी जाड आणि साधारण २२ मिमी रुंद पट्ट्या एकीवर एक चिकटवत जायच्या. प्रत्येक पट्टीची एक कड फुगीर आणि दुसरी खोलगट कापलेली असते, त्यामुळे वळणावरही फट पडत नाही. साच्यांना पट्ट्या स्टेपल पिनांनी धरतात. गोंद वाळला की पिना काढायच्या. भोकं दिसतात, त्याला इलाज नाही. पूर्ण कवच झालं की रंधा, मग ८० नंबरचा आणि त्यानंतर १२० नंबरचा पॉलिश पेपर. डोळ्याला जे उंचवटे दिसत नाहीत ते तळहाताला जाणवतात, म्हणून तपासणी डोळे मिटून करावी.

यानंतर बाहेरून आणि आतून फायबरग्लासचं कापड, चौरस मीटरला सुमारे २०० ग्रॅम वजनाचं, आणि इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर यांचं मिश्रण. इथले नियम मोडले की महिन्यांचं काम एका संध्याकाळी जातं. हार्डनरचं प्रमाण बाटलीवर दिलंय तेवढंच. जास्त घातल्याने ते लवकर घट्ट होत नाही, उलट कायमचं मऊ राहतं. एका वेळी थोडंच मिसळायचं आणि लगेच पसरट ताटात ओतायचं. खोल भांड्यात राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडतं आणि दगड होतं. पहिला थर खोलीचं तापमान उतरत असताना, म्हणजे दुपारनंतर द्यावा. तापमान चढत असेल तर लाकडातली हवा प्रसरण पावते आणि कापडाखाली बुडबुडे येतात. रबरी पट्टीने जास्तीचं रेझिन ओढताना फार जोर लावला तर कापड पांढरं दिसतं, तिथे रेझिन कमी पडलंय. कमी ओढलं तर कापड रेझिनवर तरंगतं, आणि नंतर घासताना नेमकं तेच कापलं जातं. पहिला थर कापड भिजवतो, पुढचे दोन विणीचे खड्डे भरतात.

वाळलेल्या इपॉक्सीवर कधी कधी मेणचट साय येते. बऱ्याच लोकांचं वार्निश यामुळेच सोलवटतं. ती साय पाण्यात विरघळते, म्हणून घासण्याआधी कोमट पाणी आणि खरखरीत स्पंजने धुवायची. आधी घासलं तर ती पॉलिश पेपरने सगळीकडे पसरते. शेवटी अतिनील किरण अडवणारं वार्निश लावायलाच हवं. उन्हात नुसतं इपॉक्सी पिवळं पडतं आणि दोन-चार हंगामांत भुगा होऊ लागतं. कडा ॲश लाकडाच्या, दोन आसनं आणि मधला आडवा दांडा बसवला की १६ फुटी होडी साधारण २० ते २७ किलोंत बसते. एक माणूस ती खांद्यावर घेऊन चालू शकतो.

अभिनेता डॅनियल डे-लुईसने १९९० च्या दशकाच्या शेवटी फ्लॉरेन्समध्ये स्तेफानो बेमेर या कारागिराकडे बूट शिवायचं शिक्षण घेतलं, त्याबद्दल तो फारसा बोललेला नाही. पण हाताने शिवलेल्या बुटाचं मर्म सांगता येतं. चामडं भिजवून कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, ओढून खिळायचं, मग वरचं चामडं, आतला तळ आणि भोवतीची अरुंद पट्टी हे तीनही एकाच दोऱ्याने शिवायचे. आरी वाकडी असते, त्यामुळे भोकही वाकडंच पडतं. त्यातून ताठ सुई जात नाही म्हणून परंपरेने दोऱ्याच्या टोकाला डुकराचा राठ केस जोडतात. दोरा लिननचा, अनेक पदरी, मेण आणि राळ चोळलेला. बूट कलबुतावर निदान आठवडाभर राहू द्यावा लागतो. घाईने काढला तर ओलं चामडं आकसतं आणि टाच सैल पडते.

जीना डेव्हिस, पॉल न्यूमन आणि विमा

जीना डेव्हिसने १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधली तिरंदाजी बघून ४१ व्या वर्षी धनुष्य हाती घेतलं आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या निवड चाचणीत सुमारे ३०० महिलांत २४ वी आली. ऑलिंपिकचं लक्ष्य ७० मीटरवर असतं आणि मधलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंमीचं. डोळ्यापासून ९० सेंमीवरचा नेमबिंदू ०.८ मिमी हलला की बाण त्या वर्तुळाबाहेर जातो. म्हणून धनुष्यावर क्लिकर नावाची पातळ पट्टी असते. बाण दरवेळी अगदी सारख्याच लांबीपर्यंत ओढला की ती ‘टक’ करते आणि तेव्हाच सोडायचं. हाताच्या जोराने ओढणाऱ्याचे शेवटचे बाण थरथरतात. ओढ पाठीच्या स्नायूंनी घ्यावी लागते.

पॉल न्यूमनने १९७९ मध्ये ले मांच्या २४ तासांच्या शर्यतीत पोर्शे ९३५ मधून, दोन सहचालकांसोबत, दुसरा क्रमांक मिळवला. चाक घट्ट धरणारा नट अडकल्याने त्यांच्या गाडीचा बराच वेळ पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, गेला होता. आपल्याकडे तमिळ अभिनेते अजित कुमार यांनी २०२४ मध्ये स्वतःचा रेसिंग संघ काढला. असे छंद चित्रीकरणाच्या तारखांबाहेर ठेवावे लागतात. निर्माता कलाकारांचा विमा उतरवतो आणि शर्यत, उड्डाण यांसारखे धोके त्यातून सहसा वगळलेले असतात. नटाचा पाय मोडला तर थांबलेल्या सेटचा खर्च कोणी द्यायचा, हा त्या अटीमागचा साधा प्रश्न.

हेडी लमार: अर्धसत्य म्हणून फिरणारी गोष्ट

‘हिने वाय-फायचा शोध लावला’ असं हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार हिच्याबद्दल सर्रास लिहितात. खरं काय ते समजायला तिची कल्पना नीट बघायला हवी, कारण ती फार सुंदर आहे.

दुसऱ्या महायुद्धात रेडिओने पाणतीर (टॉर्पेडो) वळवता येईल असा विचार होता. अडचण एकच: शत्रूने ती फ्रिक्वेन्सी शोधली आणि तिच्यावर गोंगाट सोडला की पाणतीर भरकटला. लमारचा पहिला नवरा शस्त्रास्त्रांचा कारखानदार, त्यामुळे हे विषय तिच्या कानावरून गेलेले. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथीलने सुचवलं की जहाजावरचा प्रक्षेपक आणि पाणतीरातला संदेश पकडणारा ग्राहक दोघांनीही एकाच वेळी फ्रिक्वेन्सी बदलत राहायचं. ज्याला क्रम माहीत नाही त्याला फक्त तुटक आवाज सापडेल. क्रम साठवायचा कसा? आपोआप वाजणाऱ्या पियानोला भोकं पाडलेली कागदी पट्टी असते. तशाच दोन एकसारख्या पट्ट्या, एक इकडे आणि एक तिकडे. पियानोच्या ८८ कळांइतक्या, म्हणजे ८८ फ्रिक्वेन्सींची सोय. काही फ्रिक्वेन्सी तर केवळ शत्रूला चकवण्यासाठी, ज्या पाणतीर ऐकतच नाही. ११ ऑगस्ट १९४२ ला २२,९२,३८७ क्रमांकाचं अमेरिकन पेटंट मिळालं, तिच्या तेव्हाच्या हेडी किसलर मार्की या नावाने.

कच्चा दुवा होता वेळेचा. दोन्ही पट्ट्या एकाच क्षणी सुरू व्हायला हव्यात आणि एकाच वेगाने फिरायला हव्यात. एक जरा मागे पडली की पुढचा सगळा क्रम चुकतो. अमेरिकी नौदलाने युद्धात ही योजना वापरली नाही. पेटंटची मुदत १९५९ मध्ये संपली आणि तिला त्यातून पैसे मिळाले नाहीत.

फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याची कल्पना तिच्या आधीही काहींनी मांडलेली होती. तिचं आणि अँथीलचं वेगळेपण दोन्ही टोकांना एका तालावर ठेवण्याच्या यंत्रणेत आहे. आजचं वाय-फाय मुख्यतः दुसऱ्याच पद्धतीने चालतं. १९९७ च्या पहिल्या वाय-फाय मानकात अशा एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारण्याचा एक पर्याय होता, तो मागे पडला. लमारच्या कल्पनेचं जवळचं नातं आहे ते ब्लूटूथशी. मूळ ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं, आणि तालाचं काम कागदी पट्टीऐवजी जोडणी करताना जुळवलेलं घड्याळ करतं. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने तिचा सन्मान केला तेव्हा ती ८२ वर्षांची होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात तिचं नाव २०१४ मध्ये लागलं, तिच्या मृत्यूनंतर १४ वर्षांनी.